हात मोकळे ठेवा

९ जानेवारी, ताइतुंग

फंग-ज्याव ताई,

काल दुपारी तुम्हाला आमच्या अतिदक्षता विभागात आणलं. खिडकीजवळची खाट मिळाली आहे. फ्लूचा न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसं भरली, म्हणून घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावलंय. नळी सोसवावी म्हणून गुंगीचं औषध चालू आहे.

हे पत्र कशासाठी, ते सांगते. इथे आता एक पद्धत सुरू झाली आहे. गुंगीतल्या माणसासाठी त्याची नर्स अधूनमधून चार ओळी लिहून ठेवते. जागं झाल्यावर मधल्या दिवसांचं त्याला काही आठवत नाही, आठवतात ती नुसती भुतंखेतं. मग ही पत्रं वाचून कळतं, आपण कुठे होतो, कोण येऊन गेलं. तुमच्या वेळी हे नव्हतं. तुमची पत्रं खरं तर वान-चननं लिहायची. नवी मुलगी आहे, अक्षर मोत्यासारखं. मी म्हटलं, "राहू दे, ह्यांना मी लिहीन."

"तुमची ओळख आहे का, आ-चांग?"

हो, तुमच्या जागी आता वॉर्डची आ-चांग, मुख्य नर्स, मी आहे. तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलं असणारच.

"आहे ओळख," म्हटलं आणि सलाइनची बाटली बदलायला गेले.

तुमचा भाऊ आ-तू दादा बाहेरच्या बाकावर बसून आहेत. बागेतल्या चिखलाच्या बुटांनी तसेच आले. "बरी होईल ना?" असं चारदा विचारलं. मी खोटं बोलले नाही, "बघू" म्हटलं. तुम्हीच आम्हाला तसं बजावलं होतं.

यू-श्या


१३ जानेवारी

ताई,

प्राणवायू वर चढेना, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला पालथं झोपवायला सांगितलं. इतक्या नळ्या सांभाळून माणूस पालथा करायचा तर पाच जणं लागतात. आम्ही तिघी होतो. चौथे म्हणून डॉक्टरांनाच हाताला धरून आणलं, पाचवी आमची फरशी पुसणारी बाई. तिला म्हटलं, "मावशी, फक्त पाय धरा आणि मी सांगेन तेव्हाच हला." तिनं डॉक्टरांपेक्षा चांगलं धरलं.

पालथ्या माणसाचे गाल, गुडघे, छाती, सगळं दबतं. थोड्या थोड्या वेळानं तुमचं डोकं इकडचं तिकडे वळवायला मी स्वतः येते. चिडू नका, मुलींवर विश्वास आहे माझा. पण तुमची मान मलाच वळवायची होती.

आज तुमचे केस बाजूला करताना आठवलं. आम्ही सहा जणी नव्या लागलो होतो. पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला एकेकीला रिकाम्या खाटेवर झोपवलंत, हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेत, तोंडावर टेप लावलीत आणि छताच्या दिव्याकडे बघत पडून राहायला लावलंत. वर स्वतः आमच्या डोक्याशी उभ्या राहून आमच्यातल्याच ली-छिंगशी गप्पा मारायला लागलात, दुपारी कुठल्या दुकानातल्या शेवया खायच्या, मटण घालून की नुसत्या. माझ्या नाकाला खाज सुटली होती. डोळ्यांतून पाणी आलं तरी तुम्ही शेवयांवरच.

टेप काढल्यावर म्हणालात, "कसं वाटलं?"

मी म्हटलं, "नाक खाजत होतं."

"रुग्णालाही नाक असतं. लक्षात ठेव."

आज वान-चननं लांबून मला "आ-चांग!" अशी हाक मारली, तेव्हा तुमच्या पापण्या हलल्या. औषध चालू असताना तसं व्हायला नको. मी ओ दिली नाही. पोर बिचारी दोनदा ओरडली.

यू-श्या


१७ जानेवारी

ताई,

आज बरं आहे. तुम्ही उताण्या आहात, यंत्राचा जोर कमी केलाय. मुलींनी तुमच्या यंत्रावर हिरव्या पाकिटातले मक्याचे कुरकुरे ठेवलेत. पाकिटावर 'शहाणं बाळ' छापलंय, म्हणजे यंत्रही शहाण्यासारखं वागेल. पाकीट हिरवंच हवं. कुणीतरी पिवळं आणलं तर वान-चन त्याच्या अंगावर गेली. अननसावरची बंदीही तशीच आहे. विभागात अननस आला की खाटा भरतात, हे आजच्या शिकलेल्या मुलीही मानतात. तुम्ही मुद्दाम अननसाच्या वड्या आणून आमच्यासमोर खायच्या आणि संध्याकाळी सगळ्या खाटा भरल्या की वर म्हणायच्या, "त्यांना काय वासावरून कळलं का?"

वादळाच्या दिवशीची दुपार आठवते का? वीज गेली, जनित्र सुरू होईना. चार जण यंत्रावर होते. तुम्ही ओरडलात, "फुगे काढा!" आणि आम्ही चौघी एकेका खाटेशी उभ्या राहून रबरी फुगा दाबत त्यांना श्वास देत राहिलो. बाहेर पत्रे उडत होते. भीतीनं माझा हात भराभर चालायला लागला. तुम्ही पलीकडून म्हणालात, "यू-श्या, तो माणूस आहे, सायकलचं चाक नाही." मग आमच्यातल्या पानायनं तिच्या आमिस या आदिवासी बोलीतलं भात कापतानाचं गाणं धरलं. तिच्या तालावर आम्ही चौघी दाबत राहिलो. वीज आली तेव्हा माझी बोटं उघडेनात, तुम्ही ती एकेक करून सोडवलीत.

मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार होती. लोकांना सांगितलं तर वेडी म्हणतील.

त्या चौघी आता कुठे आहेत? पानायनं समुद्राच्या रस्त्याला नाश्त्याचं दुकान टाकलंय. ली-छिंग वृद्धाश्रमात काम करते. दोघीही रस्त्यात दिसल्या तर दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात. तुम्हीही तेच करायच्या. मी काही मागत नाहीये, नुसतं लिहून ठेवते.

यू-श्या


२२ जानेवारी

ताई,

हे पत्र तुम्ही वाचाल तेव्हा रागवाल. पण खोटं लिहायचं तर लिहावंच कशाला?

काल गुंगीचं औषध उतरवलं. तुम्ही डोळे उघडलेत, पण त्या डोळ्यांत तुम्ही नव्हता. कुणाला तरी शोधत होता. पाय खाटेबाहेर टाकत होता. जेवणाची नाकातली नळी दोनदा ओढून काढलीत. मग हात घशाच्या नळीकडे गेला. ती निघाली असती तर तुमचा श्वास थांबला असता, पुन्हा घालायला घसा इतका सुजलाय की डॉक्टरांनाही खात्री नव्हती. वान-चननं झडप घातली म्हणून वाचलात. तिच्या मनगटावर तुमच्या नखांचे ओरखडे आहेत.

नव्या वर्षाच्या सणाआधी आमच्या दोन नर्स नोकरी सोडून ताइपेइला गेल्या. उरलेल्यांना प्रत्येकी तीन-तीन रुग्ण. तुमच्यापाशी दिवसभर कुणी बसू शकत नाही. डॉक्टरांनी हात बांधायला लिहिलं. आ-तू दादांनी सही केली, सही करताना माझ्याकडे बघितलं नाही.

तुमच्या वेळी ह्या विभागात कुणाचे हात बांधायचे नाहीत, असा कायदाच होता. नवा डॉक्टर पट्टे मागायचा, तुम्ही त्याच्याकडे खुर्ची सरकवायच्या. "पट्टा नाही, खुर्ची आहे. बसा आणि हात धरा." तेव्हा एकेका नर्सकडे दोनच रुग्ण असायचे.

वान-चन पट्टे घेऊन आली. ती म्हणाली, "आ-चांग, ह्यांच्याबद्दल फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला सांगितलंय. मला नाही जमणार."

मी बांधले, दोन्ही. आत कापूस गुंडाळला, दोन बोटं जातील इतकी जागा ठेवली. तुम्ही माझ्याकडे बघत होता. तोंडात नळी, त्यामुळे आवाज नव्हता, ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मला वाचता आलं नाही. किंवा आलं असेल.

ताई, तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दल आज लिहितेच. तीन रुग्ण एकीच्या गळ्यात घालायचे असं वरून ठरलं, आणि महिन्याभरात शेवटच्या खाटेवरचे आजोबा गेले. त्यांच्या यंत्राचा भोंगा वाजत होता, त्यांची नर्स दुसऱ्याच्या छातीवर दाब देत होती. तुम्ही राजीनामा लिहिलात, म्हणालात सगळ्यांनी सोडायचं. पाच जणींनी सोडलं. मी थांबले. फाटकाशी तुम्ही मला म्हणालात, "तू राहिलीस की ते म्हणतील, बघा, चालतंय की." मी म्हटलं, "आणि मीही गेले तर आत पडलेल्यांचं काय?" त्यानंतर आपण बोललो नाही.

माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण आज तुमचे हात बांधताना वाटलं, तुमचंही चुकलं नव्हतं. चालतंय की. असं चालतंय.

यू-श्या


२५ जानेवारी

ताई,

काल सुट्टी होती. सकाळी पानायच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांची रांग होती, रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर तिनं वर न बघताच विचारलं, "काय हवं?"

"मुळ्याची वडी. आणि तू."

ती थांबली. मी सगळं सांगितलं. मागचा माणूस कुरकुरायला लागला. पानायनं झारा खाली ठेवला, त्याला म्हणाली, "काका, आज सोयाबीनचं दूध फुकट घ्या आणि गप्प बसा." मग मला, "हात कुणी बांधले?"

"मी."

तिनं मला इतक्या शिव्या दिल्या, की सगळी रांग ऐकत राहिली. आमिसमध्ये दिल्या, चिनीत दिल्या, ते संपल्यावर एप्रन सोडला. "ली-छिंगला मी फोन करते. तू आत जायची सोय कर."

भेटायची वेळ दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आणि फक्त घरच्यांना. हा नियम मीच भिंतीवर लावलेला आहे. आज मी तो कागद काढला.

सकाळपासून दुपारपर्यंत पानाय, पुढे संध्याकाळपर्यंत ली-छिंग, त्यानंतर आ-तू दादा. यंत्राला हात लावायचा नाही, औषधाला हात लावायचा नाही, एवढंच बजावलं. पानाय खुर्ची ओढून बसली, तुमचा डावा पट्टा सोडला, हात हातात घेतला आणि म्हणाली, "आ-चांग, मी पानाय. तुम्ही ताइतुंगच्या दवाखान्यात आहात. आज गुरुवार. बाहेर ऊन आहे. नळी ओढाल तर हात मोडीन." तुम्ही दोनदा जोर केलात. तिसऱ्यांदा केला नाहीत.

ली-छिंगनं आल्या आल्या वान-चनला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं. मी डोळे मोठे केले तर म्हणाली, "मशीनला हात लावू नको म्हणालीस, चादरीचं बोलली नव्हतीस."

माझ्याशी दोघी कामापुरतं बोलतात. चालेल.

दुपारी उपसंचालक ल्याओ साहेब फेरीवर आले. "ह्या कोण?"

"घरच्या," मी म्हटलं.

"दोघी? आडनावं?"

पानाय खुर्चीतूनच म्हणाली, "साहेब, आमच्या आयांनी आम्हाला जितकं झापलं नसेल तितकं ह्या बाईनं झापलंय. आणखी काय पुरावा हवा?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "यू-श्या सिस्टर, ह्यावर आपण नंतर बोलू."

"बोलू की," मी म्हटलं. मी त्यांना असं कधी बोलले नव्हते, ताई. पाठ ताठ झाली माझी.

यू-श्या


२ फेब्रुवारी

ताई,

आज सकाळी नळी काढली! दोन्ही हात गेले काही दिवस मोकळेच आहेत. पट्टे मी कपाटात ठेवून दिले.

तुम्ही खोकलात, थुंकलात, मी तोंड पुसलं. वान-चन, पानाय, डॉक्टर, सगळे खाटेभोवती, तुम्ही काय बोलता त्याची वाट बघत. तुमचा आवाज म्हणजे जुनं दार. म्हणालात, "तोंडात शेवाळ झालंय. इथे तोंड धुवायची पद्धत बंद झाली का?"

वान-चन रडायलाच लागली. रोज तीच धूत होती हो तुमचं तोंड! मग तुम्ही तिचं मनगट बघितलंत. ओरखडे वाळलेत आता. "हे मी?" ती नाही म्हणाली. तुम्ही म्हणालात, "खोटं बोलता येत नाही तुला. चांगली नर्स होशील."

नंतर तुमची नजर माझ्यावर आली. मी पायांशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "तू अजून इथेच?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही डोळे मिटलेत. तो टोमणा होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एकाच औषधाची मात्रा तिसऱ्यांदा तपासली, तेव्हा ली-छिंग म्हणाली, "घरी जा, यू-श्या." त्या भांडणानंतर आज पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली.

उद्या तुम्हाला साध्या वॉर्डात हलवतील. तिथल्या नर्सांना त्रास देऊ नका. द्यालच.

यू-श्या


२० फेब्रुवारी

ताई,

घरी नीट पोचलात असं आ-तू दादांनी कळवलं. तुमची पत्रं वान-चननं दोऱ्यानं बांधून पिशवीत घातली होती, सापडली का? वाचली नाहीत तरी चालेल. हे मात्र टपालानं पाठवतेय, हे वाचा.

तुम्ही गेल्यावर खिडकीजवळची खाट दोन दिवस रिकामी होती. मग एकाच दुपारी तीन जण आले, एक मोटारसायकलवाला, एक पोटाच्या ऑपरेशनचा, एक बाळंतीण. माझ्याकडे त्या पाळीला चार मुली. वान-चनला चौथा रुग्ण द्यायला मी तिच्याकडे वळले. तिनं रुग्णाचा कागद घ्यायला नुसता हात पुढे केला. चोवीस-पंचवीसची पोर, आणि तो हात पुढे यायची सवय मी लावलेली.

मी कागद दिला नाही. बाळंतिणीला मी स्वतःकडे घेतलं, मोटारसायकलवाल्यालाही घेतलं. ऑपरेशनवाला स्थिर होता, त्याला रुग्णवाहिकेनं पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, स्वतः दारापर्यंत सोडायला गेले. त्याच्या बायकोला सांगितलं, "बाई, खाट आहे, पण बघायला माणूस नाही. आणि बघायला माणूस नसला तर ती नुसतं लोखंड आहे." ती माझ्यावर ओरडली. तिनं ओरडायलाच हवं होतं.

मग शेवटच्या दोन खाटांवरच्या गाद्या काढल्या, गुंडाळून भिंतीला उभ्या केल्या. नर्स मिळेपर्यंत ह्या खाटा बंद, असं सही करून वर कळवलं.

ल्याओ साहेब खाली आले. ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट, समजावत होते. "यू-श्या सिस्टर, इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत. आत्ताच काय झालं?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं सांभाळलं, तेच झालं."

येत्या सोमवारी सकाळी संचालकांसमोर सभा आहे. मला काढतील किंवा बदली करतील. मुलींना मी काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलंय. पानायनं सकाळी सगळ्या पाळीसाठी वड्या पाठवल्या, बिलावर लिहिलं होतं, "उशिरा का होईना." ली-छिंग तर अर्जच घेऊन आली. अर्धवेळ परत येते म्हणते. म्हणाली, "आधी त्या पोरींना चादर घालायला शिकवू."

तुम्ही फाटकाशी जे म्हणाला होता, ते आता मी सभेत म्हणणार आहे. माझ्या तोंडून ते कसं निघेल, देव जाणे. तुम्ही ठणकावून बोलायच्या. माझा आवाज वरच्या लोकांसमोर पातळ होतो.

तब्येत जपा. बागेत एवढ्यात जाऊ नका.

यू-श्या


२२ फेब्रुवारी

यू-श्या,

पत्र मिळालं. आधीचीही वाचली, आ-तूनं चष्मा शोधून दिला. तू फार लिहितेस.

मला काही आठवत नाही म्हणतात तसं नाही. मी बोटीत होते. समुद्र खवळलेला, बेटावरून रुग्ण आणत होतो, आणि मला त्याचा फुगा सापडत नव्हता. इतकंच शोधत होते ग मी. नाकाशी काहीतरी आडवं येत होतं, ते काढलं. त्या पोरीला सांग, म्हातारीनं माफी मागितली आहे.

हात बांधलेले आठवतात. बांधणारी तू होतीस तेही आठवतं. तुझा फार राग आला. तू रडत होतीस हे तू लिहिलेलं नाहीस. माझ्या हातावर पडत होतं, म्हणून मला माहीत.

तुला वाटतं मी तुझ्यावर रागावून पाट्या वाचायचे. रागावले होतेच. पण खरं सांगते, तुझ्याशी बोलले असते तर विचारावं लागलं असतं, विभागात कसं चाललंय, शेवटच्या खाटेवर कोण आहे, नव्या मुली कशा आहेत. आणि तू सांगितलं असतंस. मग मला घरी बसवलं नसतं. निजताना कान अजून भोंग्याकडेच असतात. आ-तूचा रेडिओ वाजला तरी उठते.

खाटा बंद केल्यास ते ऐकलं. दोनच का? तीन करायच्या होत्या, मग त्यांनी एक उघडायला लावली असती. तुला सौदा करता येत नाही, कधीच येत नव्हता. असो.

सोमवारी मी येतेय. आ-तू ट्रकनं सोडेल. डॉक्टरांना विचारू नकोस, ते नाही म्हणतील. पानाय आणि ली-छिंगलाही कळवलंय, बाकीच्या तिघींनाही. दोघी येतो म्हणाल्या, तिसरी विचार करतेय, म्हणजे येईल.

बोलायचं तूच. मला आता दोन वाक्यांत दम लागतो. आवाज पातळ असला तरी चालतो, थांबून थांबून बोल म्हणजे झालं. मी तुझ्या मागच्या खुर्चीत बसेन. घसरायला लागलीस तर खोकेन, सध्या खोकला मला हवा तेव्हा येतो.

फंग-ज्याव